बुडो

गावाचं नाव बुडो, असं कांचन म्हणाली
तेव्हा आई उतू जाणारं दूध तसंच टाकून बाहेर आली.
असलं कसलं गाव? कुणाचा शाप आहे का त्याला?
नॉर्वेत दुसरीकडं म्हातारे नाहीत का सांभाळायला?
कांचन हसली. आई, बुडला तर सूर्य बुडेल, मी नाही.

तो बुडायला लागलाय आता.
पंधरा नंबरला मी शटर ओढतो रात्री आठला,
तिथं दुपारचे साडेतीन,
आणि अंधार दोन्हीकडं सारखाच.
माझा दिवस संपलेला असतो,
तिचा उगवला होता की नाही तेच कळत नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं,
दादा, बर्फातले टायर वेगळे असतात, माहितीय?
दिवाळी झाली की सगळे चाकं बदलतात, खिळ्यांची लावतात.
मी म्हटलं, खिळ्यांची?
तेवीस वर्षं झाली सोलापूर रस्त्याचे खिळे उपसतोय,
खिळ्यावर घर चाललं, खिळ्यावर तुझं नर्सिंग झालं,
इथं खिळा घुसला की गाडी बसते
आणि तिथं खिळा नसला तर चालत नाही?
तिनं पायातला बूट काढून कॅमेऱ्यापुढं उलटा धरला.
त्याच्याही तळाला खिळे.
मी मोजले. बारा.

कोटाला चमकपट्टी लावते म्हणे,
आपण उसाच्या ट्रॉलीला मागून लावतो तसली,
म्हणजे अंधारात गाड्यांना दिसते.
सकाळी चमचाभर माशाचं तेल, नाक दाबून.
तिथलं तपकिरी चीज गुळासारखं लागतं,
आईनं लगेच विचारलं, पोळीत घालून बघितलंस का?
बघितलं. बरं लागतं.
शेजारीण रस्त्यात भेटली तर हसते,
जिन्यात भेटली तर पायऱ्या बघत उतरते.
मी विचारलं, कंटाळा येतो का गं?
वेळ कुठंय, म्हणाली.
इतकं पटकन म्हणाली की मी पुढं काही विचारलं नाही.

पंक्चर सापडत नसलं की
ट्यूब पाण्यात बुडवायची, सावकाश फिरवायची.
बाहेरून कितीही ठणठणीत दिसू दे,
पाण्यात एक बारीक बुडबुडा येतोच कुठूनतरी.
पण फोन कुठल्या टाकीत बुडवायचा?

परवा विचारलं, जेवलीस का,
तर पलीकडून नुसता श्वास आला. आत ओढलेला.
दचकल्यावर ओढतो तसा, रडायच्या आधी ओढतो तसा.
हातातला पान्हा टाकून मी कॉम्प्रेसर बंद केला.
कांचन, काय झालं? खरं सांग.
ती हसतच सुटली.
अरे, हो म्हणाले मी.
इकडं हो असंच म्हणतात, श्वास आत घेऊन.
पहिल्या दिवशी ओलाउस आजोबांना विचारलं, कॉफी देऊ?
त्यांनी असा श्वास ओढला की मी ऑक्सिजन आणायला पळाले,
आले तर आजोबा कपाची वाट बघत बसलेले.
आता माझ्याही तोंडात बसलंय ते.

इकडंही पडलीय थंडी. तेरा अंश.
आईनं स्वेटर काढलाय, कानाला रुमाल.
बुडो हा शब्द अजून ती उच्चारत नाही,
'तिच्या गावाला' म्हणते.
सकाळी टाकीत हात घातला की कोपरापर्यंत कळ जाते.
आज सातलाच एक उसाची ट्रॉली आली, बसलेल्या चाकाची,
ड्रायव्हर म्हणाला, मालक, दहाच्या आत होईल ना?
मी ट्यूब पाण्यात धरलेली. वर न बघता
श्वास आत ओढला.
तो थांबला जरासा. मग म्हणाला,
पाणी लई गार आहे का हो?